‘लाय’ नव्हे, ली: एका नॉर्वेजियन आडनावाचा गुंता

१९ डिसेंबर १९३६ रोजी ‘रूथ’ नावाचं तेलवाहू जहाज नॉर्वेहून निघालं. त्यावर रशियन क्रांतिकारक लेव त्रोत्स्की आणि त्याची बायको नातालिया होती, आणि पहाऱ्याला पोलीस अधिकारी योनास ली. त्रोत्स्कीला आधी नजरकैदेत ठेवून मग देशाबाहेर काढणारे न्यायमंत्री होते त्र्युग्वे ली. ९ जानेवारी १९३७ ला जहाज मेक्सिकोतल्या टॅम्पिकोला लागलं. हे वाचलं की मनात येतंच, मंत्र्याने आपल्याच भावाबंदाला पाठवलं की काय? तसं काही नाही. मंत्री एका सुताराचा मुलगा, तर पोलीस अधिकारी एका नामवंत लेखकाचा नातू. पुढे दोघांच्या वाटा तर पूर्ण उलट दिशांना गेल्या.

नॉर्वेतलं ली हे आडनाव मुळात पत्ता आहे. जुन्या नॉर्स भाषेत डोंगराच्या उताराला ‘ह्लीद’ म्हणत. त्याचा आजच्या बोलीत ‘ली’ झाला, आणि डॅनिश वळणाच्या लिखाणात शेवटी एक न उच्चारायचा ‘e’ चिकटून ‘Lie’ झालं. त्यामुळे इंग्रजी वाचणारा त्याला ‘लाय’ करून टाकतो. डोंगराळ देशात उतार काय, जागोजाग. म्हणून ली नावाची शेतं नॉर्वेभर आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. आपल्याकडे पाटणकर म्हटल्यावर ‘कुठलं पाटण?’ हा प्रश्न येतो, तसंच. फक्त त्यांच्याकडे ‘कर’ लावत नाहीत, गावाचं नाव तसंच्या तसं उचलतात. लीएन, लिया, लीद ही आडनावंही त्याच शब्दाची रूपं. द्रामेनजवळच्या लिएर या नगरपालिकेचं नाव त्याच शब्दाच्या अनेकवचनातून आलंय.

जुन्या काळी माणसाला एक स्वतःचं नाव, एक बापाच्या नावावरून आलेलं आणि एक राहत्या शेताचं. ओले हान्सेन ली म्हणजे हान्सचा मुलगा ओले, ली शेतावर राहणारा. तोच पुढे बाक्के शेतावर गेला की ओले हान्सेन बाक्के. त्याचा मुलगा पेर ओल्सेन बाक्के. बायकोच्या माहेरच्या शेतावर घरजावई म्हणून गेला तर त्या शेताचं नाव घेणार. शेताच्या कडेला खोपटं बांधून राबणारा कूळही तेच नाव लावायचा, मालकाशी रक्ताचं नातं नसलं तरी. हा सगळा प्रवाह १९२३ च्या नामकायद्याने थांबवला: प्रत्येकाला कायमचं, पुढच्या पिढीकडे जाणारं आडनाव हवं. शहरातल्या शिकल्या-सवरल्या घराण्यांनी ते त्याआधीच करून टाकलं होतं.

अशाच एका घराण्यात योनास नाव इतकं लाडकं झालं की ग्रंथालयांचे कॅटलॉगही फसतात. पहिला योनास ली (१८३३–१९०८) कादंबरीकार. इब्सेन, ब्यॉर्नसन, हेलान यांच्यासोबत नॉर्वेजियन साहित्यातल्या ‘चार थोरां’मध्ये त्याची गणना होते. त्याने लग्न केलं ते चुलतबहिणीशी, थोमासिने लीशी, म्हणजे बाईंचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच; त्याच्या लिखाणात तिचा हात मोठा होता. दुसरा योनास ली (१८८०–१९४०) थोमासिनेचा भाचा, चित्रकार. बाप वारल्यावर हा काही काळ पॅरिसला या आत्याकडे राहिला, मग अमेरिकेत गेला आणि पनामा कालव्याच्या बांधकामाची चित्रं काढून नावारूपाला आला. तिसरा योनास ली (१८९९–१९४५) म्हणजे जहाजावरचा तो पोलीस. मॅक्स माउझर या टोपणनावाने तो रहस्यकथा लिहायचा. नाझी ताब्यातल्या क्विस्लिंग सरकारात पोलीसमंत्री झाला आणि मे १९४५ मध्ये, नॉर्वे मुक्त झाल्यावर तीनच दिवसांनी, बॅरुममधल्या एका शेतघराला वेढा पडलेला असताना मेला. ‘लेखक योनास ली’ एवढंच लिहिलं तर आजोबा की नातू हे कळत नाही, म्हणून जन्मसाल लिहायची सवय लावून घ्यावी.

त्याच युद्धात त्र्युग्वे ली लंडनमध्ये होते, परागंदा नॉर्वेजियन सरकारचे परराष्ट्रमंत्री म्हणून. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांचे पहिले सरचिटणीस झाले. १ जानेवारी १९४८ ला भारताने काश्मीरचा प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला तेव्हा त्या खुर्चीवर हेच होते. कोरियन युद्धात त्यांनी घेतलेल्या भूमिकेवरून सोव्हिएत संघाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, १९५२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि एप्रिल १९५३ मध्ये हामरशोल्ड आले. मजूर पक्षाचा सरचिटणीस होकोन ली (१९०५–२००९) हा निराळा माणूस. दोघे एकाच पक्षाचे आणि दोघेही ‘सरचिटणीस’, त्यामुळे मराठी लेखांत यांची अदलाबदल होऊ शकते. होकोन १०३ वर्षं जगला, हे लक्षात ठेवलं तर चूक होत नाही.

पण जगभर रोज उच्चारला जाणारा ली म्हणजे गणिती सोफुस ली (१८४२–१८९९), नॉर्डफ्योर्डाइडच्या पाद्र्याचा मुलगा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं तेव्हा हा पॅरिसहून पायी इटलीकडे निघाला. फोंतेनब्लोला त्याला पकडलं. जवळच्या कागदांवरचं गणित पोलिसांना जर्मन हेराची सांकेतिक लिपी वाटली. चारेक आठवडे कोठडीत काढल्यावर गणिती दार्बू याच्या खटपटीने तो सुटला. १८८६ पासून तो लाइपत्सिगला फेलिक्स क्लाइनच्या जागी प्राध्यापक होता.

त्याने काय केलं ते हातात पुस्तक घेऊन पाहता येतं. टेबलावर पुस्तक उताणं ठेवा. टेबलातून सरळ वर जाणाऱ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा, मग डावी-उजवीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती ९० अंश. आता पुस्तक परत मूळ जागी आणून हीच दोन वळणं उलट्या क्रमाने द्या. पुस्तक वेगळ्याच स्थितीत येतं. अशी वळणं अखंड आहेत, हवी तितकी बारीक करता येतात, आणि लीची नजर तिथेच गेली. ९० ऐवजी ५ अंश घ्या. पहिल्या अक्षाभोवती ५, दुसऱ्याभोवती ५, मग पहिलं मागे, दुसरं मागे. पुस्तक मूळ जागी यायला हवं, पण ते तिसऱ्या अक्षाभोवती साधारण ०.४४ अंश वळलेलं राहतं (५ अंश म्हणजे ०.०८७३ रेडियन, त्याचा वर्ग ०.००७६). क्रम बदलल्याने उरणारा हा किंचितसा शिल्लक हिशोब म्हणजे ‘ली कंस’, आणि त्याच्या जोरावर सगळ्या वळणांचा कारभार साध्या बीजगणितात उतरतो. या बीजगणितांच्या मूळ घटकांची चार अनंत कुळं आणि पाच अपवाद निघाले. त्या पाचांतला सर्वांत मोठा २४८ मितींचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचं दांडगं काम झालं; एम. एस. रघुनाथन आणि श्रीकृष्ण दाणी ही त्यातली मोठी नावं. तरीही पदव्युत्तर वर्गात अशा अखंड वळणांच्या समूहाला ‘ली ग्रुप’ऐवजी ‘लाय ग्रुप’ म्हटलेलं ऐकू येतं, आणि यंत्राला भाषांतर करायला दिलं तर ‘खोटा गट’ व्हायला वेळ लागत नाही.

आता कुणाला एखाद्या लीचं मूळ शोधायचं असेल तर. नॉर्वेचं डिजिटल अभिलेखागार, दिगितालार्किवे, फुकट आहे. १८०१, १८६५, १८७५, १९००, १९१० आणि १९२० च्या जनगणना तिथे नावानिशी सापडतात (१९२० ची शंभर वर्षांच्या गोपनीयतेनंतर डिसेंबर २०२० मध्ये उघडली). पहिल्या शोधात आडनावाचा रकाना कोरा ठेवा. त्याऐवजी नाव, बापाच्या नावावरून आलेला ‘-सेन’, जन्मसाल आणि जन्माचा परगणा भरा. अमेरिकेला गेलेल्या सख्ख्या भावांपैकी एकाने हान्सेन ठेवलं आणि दुसऱ्याने ली, असं सर्रास आढळतं. आडनाव भरलंच तर शेवटी तारा (*) टाकून ‘Li*’ शोधा, म्हणजे वेगवेगळी स्पेलिंगं येतील. १८०१ आणि १८६५ मध्ये लिहिलेलं वय चालू वर्षाचं असतं, पूर्ण झालेलं नव्हे. म्हणून वजाबाकी करून आलेल्या जन्मसालात एक वर्ष इकडे-तिकडे पाहावं. १८७५ पासून जन्मसालच लिहिलंय.

शेत सापडलं की ओलुफ रूग याने सुरू केलेली शेतनावांची ग्रंथमाला उघडायची. त्यात शेताचा क्रमांक आणि जुनी स्पेलिंगं मिळतात. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण त्या काळच्या नगरपालिका आज नाहीत. २०२० च्या फेररचनेत ४२२ च्या ३५६ झाल्या, तेव्हा जुना क्रमांक आजच्या नकाशावर टाकून पाहू नये. एकाच परगण्यात दोन ली शेतं निघाली तर चर्चची बाप्तिस्म्याची नोंद काढा आणि साक्षीदार धर्मपालकांची नावं बघा. ते शेजारच्या शेतांवरचेच असायचे, त्यामुळे कोणतं ली ते शेजारी सांगतात.

एक शेवटची अडचण उरते. इंडोनेशियातल्या चिनी घराण्यांचं 李 हे आडनावही लॅटिन लिपीत असंच लिहितात. १८५३ ते १९१२ या काळातला लेखक ली किम होक त्यांतलाच, त्याचा डोंगरउताराशी काही संबंध नाही.