लोणारचं पाणी खरंच एवढं गुलाबी होतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. तसं तर लोणारची म्हटल्यावर प्रत्येक जण हेच विचारतो. दैत्यसूदनाच्या देवळाबद्दल कुणी विचारत नाही. धारेचं गोडं पाणी बारमाही वाहतं आणि खाली खाऱ्या सरोवराला जाऊन मिळतं, त्याचं नवल कुणाला वाटत नाही. पाणी रंगलं त्याच 2020 साली सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, तेही कुणाच्या गावी नाही. गुलाबी तेवढं सगळ्यांच्या लक्षात.

होतं. जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. खारटपणा वाढला, त्यात मीठ मानवणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी रंगलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं. उत्तर इथंच संपायला हवं. पण तुम्ही "एवढं" म्हणता, आणि तिथं माझी अडचण होते.

टाळेबंदीमुळे मी मार्चपासून घरीच होते. बातमी फुटली आणि पुण्याच्या ऑफिसातले फोन सुरू झाले. तीन महिन्यांत ज्यांनी "कशी आहेस" म्हटलं नव्हतं, ते "फोटो पाठव" म्हणू लागले. सकाळी काठावर जाऊन फोटो काढला. डोळ्यांना दिसलं ते धुवट विटकरी. मोबाइलमध्ये तर चहा सांडल्यासारखं आलं. मग मी रंग चढवला. दोनदा बोट फिरवलं, बस. सगळेच करतात. गावातल्या पोरांनी तर याहून भडक केले होते.

दोन दिवसांनी तोच फोटो अमरावतीच्या मावसभावाकडून आईच्या मोबाइलवर परत आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, कमळजा माता कोपली. कोपरा कापला गेलेला, पण काठावरची वाकडी बाभूळ मी ओळखली.

आईला गुडघ्यांमुळे काठापर्यंतसुद्धा जाता येत नव्हतं आणि देवळं बंद. देवीचं देऊळ खाली, अगदी पाण्याला लागून. "चैत्रात ओटी भरली नाही," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं जेवण सोडलं. पाणी पुन्हा हिरवं होईस्तोवर दूध आणि केळं. तिला साखर आहे. मी समजावलं, चिडले, जिवाणू सांगितले. ती म्हणाली, "जिवाणू कोणी धाडले मंग?" फोटो माझा आहे, हे मात्र माझ्या तोंडून निघेना. आज निघेल, उद्या निघेल.

चौथ्या दिवशी पहाटे ती मोरीत पडली. कपाळ फुटलं. दवाखान्यात नेताना नाक्यावर पोलिसांना चिठ्ठी दाखवावी लागली. तीन टाके पडले. रिक्षातून परत येताना मी एकदाचं सांगितलं आणि मोबाइलमधला मूळ फोटो तिच्यापुढं धरला. तिनं दोन्ही नीट बघितले. म्हणाली, "यातला खोटा कोणता?"

मी म्हणाले, हा. पण पाणी लाल झालंच होतं ना, असं तिनं विचारलं. झालं होतं. मग खोटा कसा?

फोटोवर रंग चढवताना मला वाटलं होतं, निदान यामुळे तरी लोक गावाचं नाव घेतील. आज ते ऐकायला बरं वाटत नाही. गावाचा कळवळा नव्हता तो, ऑफिसच्या ग्रुपवर वाहवा हवी होती. पण सगळा दोष माझ्याच गळ्यात का? सरोवराचं वय एका पाटीवर 52 हजार वर्षं असतं, नव्या मोजणीत 5 लाख 70 हजार. दहापटीचा फरक लोक मुकाट्यानं गिळतात, आणि मी दोनदा बोट फिरवलं तर... नाही, हा मुद्दा लंगडा आहे. मोजणारे चूक सुधारत होते. मी काय सुधारत होते?

त्या दिवसांत शेजारच्या पोरानं सरोवराचं पाणी बाटलीत भरून आणून दिलं होतं. आईनं ते देव्हाऱ्याशी ठेवलं. काही दिवसांत रंग सगळा तळाशी बसला आणि वर पाणी निवळशंख. ते पाहून ती जेवायला लागली. माझ्या कबुलीचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता.

घरी कुणी आलं की ती अजून मोबाइल काढून दाखवते. लालभडकच. "आमच्या पोरीनं काढला," म्हणते.