नऊ पानांचा अहवाल

एम.कॉम. भाग एकच्या दुसऱ्या सत्रात ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आमच्याकडे पहिल्यांदा आलं ते २०२४ च्या सुरुवातीला. नव्या शैक्षणिक धोरणासाठी २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, चौकट घालून दिली होती. त्यात ओजेटीला ४ क्रेडिट आणि एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. समन्वयक म्हणून माझं नाव लागलं. मी मुलांच्या हातात शिफारसपत्रं दिली, जागा तुम्हीच शोधा म्हटलं आणि मे महिन्यात अहवाल व प्रमाणपत्रं गोळा केली.

प्रमाणपत्रांवर सगळ्यांसाठी एकच वाक्य होतं: काम समाधानकारक. मग गुण कशाला द्यायचे? अहवालालाच दिले. एका मुलाने पतसंस्थेवर साठ पानं आणली. त्यातली चाळीस सहकाराच्या इतिहासावर आणि उरलेल्यांत कर्जदारांच्या कागदांच्या झेरॉक्स. त्याला शंभरात ८८ मिळाले. एका मुलीने तासगावच्या बेदाणा आडतीत काम केलं होतं. तिचा अहवाल नऊ पानांचा. तिला ६८. दोन्ही गुणपत्रकांवर माझी सही आहे.

जूनमध्ये भावाबरोबर त्याच आडतीत गेले. त्याचा बेदाणा तिथेच सौद्याला लागतो. तिथले दिवाणजी म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोरीनं करून दिलेला तक्ता आम्ही अजून वापरतोय." त्यांनी कॉम्प्युटरवर उघडून दाखवला. कुठल्या व्यापाऱ्याकडून किती येणं आहे, किती दिवस झाले, त्यामागे कुठल्या शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, अडकली आहे, सगळं ओळीने. आधी हे तीन वह्यांत विखुरलेलं असायचं आणि शेतकरी विचारायला आला की वह्या उलटत बसावं लागायचं. या तक्त्याबद्दल तिच्या अहवालात चार ओळी होत्या आणि मी त्या वाचून पुढे गेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

निकाल लागून गेला होता. ते गुण बदलणं माझ्या हातात नव्हतं. तिला भेटून सांगितलं, आणि तिने काय काम केलं हे तपशिलाने लिहिलेलं पत्र विभागाच्या लेटरहेडवर दिलं.

पुढच्या वर्षी अंतर्गत ५० गुणांची मांडणी नव्याने केली. डायरीला १५, प्रत्यक्ष केलेल्या कामाला १५, तिथल्या मार्गदर्शकाला १०, तोंडी परीक्षेला १०. अहवाल लागतोच, पण दहा पानांच्या आत, आणि त्याला वेगळे गुण नाहीत. विभागात यावर बरीच वादावादी झाली. एक सहकारी म्हणाले, बाहेरून तपासायला आलेल्यांना जाडजूड काही दिसलं पाहिजे. मी म्हटलं, त्यांना डायऱ्या दाखवू.

खरी मेहनत काम सुरू होण्याआधीच करावी लागते. आता एक पानी कागद असतो. विद्यार्थी कुठली तीन कामं शिकणार, रोज किती तास, कुणाच्या हाताखाली. त्यावर तिघांच्या सह्या. रोज चार तास धरले तर तीस दिवस लागतात आणि शेवटचा आठवडा परीक्षेवर येतो, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करायची. मुलींच्या बाबतीत परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते पाहूनच वेळ लिहायची. पतसंस्थेत जाणाऱ्यांसाठी आणखी एक अट: खातेदाराचं नाव, खाते क्रमांक किंवा कागद अहवालात येता कामा नये. ते साठ पानी प्रकरण आठवलं की अजून अंगावर काटा येतो. लोकांच्या कर्जाचे कागद होते ते.

डायरी कशी लिहायची हेही शिकवावं लागलं. "आज डेटा एंट्री केली" एवढी नोंद मी मान्य करत नाही. गेल्या वर्षीच्या एका मुलाची नोंद मी आता नमुना म्हणून वर्गात वाचून दाखवते: "आज ४१ पट्ट्या खतवल्या. ३ पट्ट्यांत तोलाई दोनदा वजा झाली होती. दिवाणजींना दाखवली, त्यांनी दुरुस्त केली." खतवणं म्हणजे खातेवहीत नोंदवणं, तोलाई म्हणजे माल तोलण्याचे पैसे. अशा मुलाची तोंडी परीक्षा घेताना प्रश्न शोधावे लागत नाहीत. तोलाई दोनदा का लागली, हमाली कुणाच्या माथी, ती चूक तुझ्या नजरेला कशी पडली, असं विचारत गेलं की वीस मिनिटं कमी पडतात.

दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः प्रत्येक ठिकाणी जाते. ही भेट टाळता येत नाही. एका कार्यालयात आमचा मुलगा नऊ दिवस फक्त झेरॉक्स मशीनपाशी उभा होता. तक्रार करायला तो घाबरत होता. मी साहेबांसमोर तो सह्यांचा कागद ठेवला, तीन कामं मोठ्याने वाचली. दुसऱ्या दिवसापासून त्याला व्हाउचर तपासायला बसवलं. महिना संपल्यावर गेले असते तर त्याचे १२० तास वाया गेले असते.

आधीच नोकरी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. एक विद्यार्थी सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर असतो. रोज दुधाचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक, लावणं हे त्याचं ठरलेलं काम. तेच ओजेटी म्हणून धरा, अशी त्याची विनंती. घरात कमावता तो एकटाच, त्याला नोकरी सोडून दुसरीकडे जा म्हणणं मला पटत नव्हतं. पण आधीच येणाऱ्या कामाला क्रेडिट देणंही पटत नव्हतं. शेवटी ठरलं की केंद्र तेच राहील, काम नवं. दर दहा दिवसांच्या बिलांवरून केंद्राचा लिटरमागे खर्च किती आणि कमिशन किती उरतं, हे त्याने तीन महिन्यांसाठी काढलं. त्याच्या मालकाला तो आकडा पहिल्यांदाच कळला.

मार्गदर्शकांचे दहा गुण मात्र अजून बसलेले नाहीत. बहुतेक जण दहापैकी दहा देतात, आपल्या हातून पोराचं नुकसान नको म्हणून. यंदा आकडा न मागता तीन प्रश्न विचारणार आहे: कुठलं काम याच्यावर सोपवून तुम्ही बाहेर जाल? कुठलं नाही सोपवणार? याने तुमची कुठली चूक दाखवली? गुण त्या उत्तरांवरून मी लावेन. छापलेले फॉर्म पिशवीत आहेत, उद्या अकराला तासगावच्या कोल्ड स्टोरेजपासून सुरुवात.