‘अण्णांना काही सांगू नका’

घरभेटीला गेलं की उंबऱ्याच्या आधीच कुणीतरी आडवं येतं. कोरेगाव तालुक्यातल्या त्या घरी थोरला मुलगा गोठ्यापाशीच उभा होता. “सिस्टर, अण्णांना आम्ही अल्सर सांगितलाय. जत्रा होऊन जाऊ द्या, मग बघू.”

मी पॅलिएटिव्ह केअरच्या पथकात परिचारिका आहे. आमच्या बहुतेक रुग्णांचा आजार बरा होणारा नसतो. पण दुखणं, मळमळ, जखमा, झोप, धास्ती यांवर करण्यासारखं पुष्कळ असतं. या घरातल्या गुरुजींना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतात पसरलेला. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, घालून घरी पाठवलेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वय सत्तरीपुढचं. स्वतः साताऱ्यात ‘रयत’च्या वसतिगृहात राहून, ‘कमवा आणि शिका’मध्ये राबून शिकलेले. घरच्यांच्या परवानगीनं लिहितेय. गाव आणि नाव मात्र सांगत नाही.

सोप्यात ते कॉटच्या कडेला बसून, समोरच्या बाकावर उशी ठेवून तिच्यावर वाकले होते. हे दुखणं पाठीत जातं, उताणं झोपलं की वाढतं आणि पुढं वाकलं की जरा सोसवतं. ही युक्ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. मी नेहमीचा प्रश्न विचारला : अजिबात दुखत नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा, मग आत्ता किती?

“आठ. रात्री नऊ. आणि अल्सर एवढा दुखत नाही, बाई.”

गादीखालून त्यांनी बायॉप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स काढली. शब्दकोश घेऊन बसले होते. एकेका इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं, बारीक वळणदार अक्षरात मराठी अर्थ. मुलगा दारातच खिळला. गुरुजी त्याला म्हणाले, “तू गोठ्यात रडतोस, तुझी आई चुलीपुढं रडते, मी रात्री रडतो. एका घरात तीन ठिकाणी. ये, इथं बस.”

तो बसला. काकूही आतून आल्या. आमच्या डॉक्टरांना गुरुजींनी एकेक प्रश्न विचारला, उत्तर नीट कळल्याशिवाय पुढचा नाही. किती दिवस? डॉक्टर म्हणाले, वर्षांची भाषा नको, महिन्यांत बोलू. दिवाळी? त्याचा शब्द देता येणार नाही. गुरुजींनी मान हलवली आणि बायकोचा हात धरला. सुनेसमोर त्यांनी असं कधी केलं नसावं, कारण काकू आधी पदर सावरायला लागल्या.

मॉर्फिनचं नाव काढल्यावर मुलगा घाबरला. अफूपासून करतात, व्यसन लागेल. ही भीती घरोघरी भेटते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळं हे औषध रुग्णांनासुद्धा मिळेनासं झालं होतं. २०१४च्या दुरुस्तीनं वाट सोपी झाली, तरी भीती उरलीच. दुखण्यासाठी मोजून, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार विरळा. सुरुवातीला गुंगी, मळमळ येते, ती काही दिवसांत सरते. बद्धकोष्ठता मात्र सरत नाही, म्हणून गोळी चालू आहे तोवर पोट साफ होण्याचं औषध रोज घ्यायचंच. पहिली गोळी दिली. पाऊण तासानं गुरुजी भिंतीला पाठ टेकून बसले. काकू नुसत्या त्या टेकलेल्या पाठीकडं बघत होत्या.

तेवढ्यात पोरं आली. सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजी त्यांची शिष्यवृत्तीची तयारी करून घ्यायचे. पुढच्या वर्षी पाचवीत जाणारी सात-आठ मुलं. सून त्यांना परत पाठवू लागली, तर गुरुजींनी अडवलं.

एका मुलीनं विचारलंच, “गुरुजी, तुम्हाला काय झालंय?”

मी डॉक्टरांकडं बघितलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, “पोटात गाठ झालीय. ती बरी होणार नाही. दुखू नये म्हणून या बाईंनी गोळी दिलीय.”

“मग परीक्षेपर्यंत तुम्ही आहात का?”

“नाही बाळ. नसणार मी. तोवर जेवढं होईल तेवढं शिकवीन, पुढचं वहिनी घेतील.”

कुणी बोललं नाही. एक पोरगा रडायला लागला. गुरुजींनी त्याला गप्प केलं नाही, जवळ घेतलं आणि त्याचं रडं ओसरेपर्यंत थांबले. मग सुनेला खडू दिला. बारावी झालेली ती मुलगी फळ्यापुढं उभी राहिली आणि अपूर्णांकांची बेरीज मांडू लागली. तिचा छेद चुकला तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून फक्त बोट दाखवलं. पोरं गेल्यावर तिनंच फळ्याच्या कोपऱ्यात गोळ्यांच्या वेळा लिहिल्या : ६, १०, २, ६, आणि रात्री १०ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको.

इतक्या वर्षांच्या कामात मी मरणाबद्दल असं सरळ बोलणं क्वचित ऐकलंय, आणि मुलांशी तर कधीच नाही. त्या पोरांना खोटं सांगितलं असतं, तर गुरुजी गेल्यावर त्यांनी कुणाला काय विचारलं असतं?

पुढच्या भेटीत त्यांनी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, करायला घेतलं होतं : शेवटाला कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली त्याला मान्यता दिली. २०२३मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं, पूर्वीसारखी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर नको, नळीनं अन्न नको, घरातच राहायचं, असं त्यांनी लिहिलं. मुलाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. वाचताना तो दोनदा थांबला, गुरुजींनी घाई केली नाही.

आषाढात त्यांचं खाणं सुटलं. पाहुणे म्हणू लागले, पुण्याला हलवा, निदान एक सलाईन तरी लावा. काकूंनाही वाटत होतं, उपाशी कसं ठेवायचं? शेवटाला शरीर अन्नपाणी मागत नाही, वरून भरलेलं पाणी सूज आणि छातीतली घरघर वाढवतं, हे मी समजावलं. ओठ ओले ठेवायला, कूस बदलायला शिकवलं. पाहुण्यांना मात्र मुलानंच उत्तर दिलं : “अण्णांनी सांगितलंय, आणि मी वाचलंय.” गुरुजी घरातच गेले, सगळी भोवती असताना.

दहाव्यानंतर सून उरलेल्या गोळ्या परत द्यायला केंद्रावर आली. मॉर्फिनचा हिशेब ठेवावा लागतो. तिनं मोजून दिल्या, मी नोंद केली, तिनं सही केली. पोरं रोज येतात, म्हणाली, आता दशांश चालू आहेत. आणि शेजारच्या आळीत एक आजी आहेत, त्यांच्यापासूनही घरचे लपवतात, तर गुरुवारी याल का? मी गुरुवारच्या यादीत त्यांचं घर घातलं.