पिंपळाची तिकटी

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तर भाच्याचा फोन. "मामा, नकाशात दाखवतोय तिथंच उभा आहे. पिंपळ कुठाय?"

पिंपळ नाही. पडून दोनतीन वर्षं झाली. पण आमच्या गल्लीने ते काही मनावर घेतलेलं नाही. रिक्षावाल्याला आजही 'पिंपळाची तिकटी' म्हणूनच सांगावं लागतं. भाचा पुण्याचा, त्याला हे कोण समजावणार? शिवाय नकाशात तो पिंपळ लावला होता मीच.

ओपनस्ट्रीटमॅपचा हा नाद मला जुना. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला हा नकाशा, कुणीही खातं उघडावं आणि आपल्या गल्लीतलं भरावं. मी पाणपोया भरल्या, बोळ भरले, दोन ठिकाणी बाकडीसुद्धा भरली. (बायको म्हणते, घरातला बल्ब बदलायला वेळ नाही.) हाच नकाशा दाखवणाऱ्या ऑस्मअँड ॲपवर महाराष्ट्र एकदा उतरवून घेतला की नेट नसलं तरी चालतं. आपण कुठं आहोत ते उपग्रहांकडून कळतं, त्याला रेंज लागत नाही.

आबांना यातलं काही पटलं नसतं. लहानपणी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गगनबावड्याच्या वाटेला आत्याच्या गावी जायचो. रस्ता त्यांना डोळे मिटून पाठ, तरी बालिंग्याच्या पुलापाशी थांबून विचारायचेच, "पावनं, ही वाट कुठं जाती?" समोरचा सांगायचा, "सरळ जावा, तिकटी लागंल, तिथनं फुडं कुणालाबी इचारा." मग पाऊसपाणी, ऊस, कुणाच्या म्हशीचं दूध. अर्धा तास तिथंच जायचा. मी कॅरिअरवर पाय हलवत चिडायचो. "माहीत हाय न्हवं तुम्हाला?" "आसूं दे की. इचारलं म्हणून काय झालं?"

या नकाशाचा नियम मात्र कडक. जमिनीवर आज जे आहे तेच नकाशात हवं. म्हणजे पिंपळ काढायला पाहिजे. दोनदा बोट त्या हिरव्या ठिपक्यावर नेलं आणि फोन बाजूला ठेवला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी पंचगंगेनं कधीच मागे टाकली होती. वीज नव्हती, रेंज नव्हती. आम्हाला न्यायला बोट आली. बोटीतली पोरं परगावची, गल्ली कुठली नि नाला कुठला काही कळत नव्हतं. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढला. नकाशा उघडला. निळा ठिपका रस्त्यावर, अगदी मधोमध, रोज भाजीला जातो तसा चाललेला. खाली छातीभर पाणी आहे हे त्याला कुठून कळणार? पोरांनी विचारलं, "आता कुठं?" मी स्क्रीनवर बोट सरकवतोय तोवर आईच बोलली, "पिंपळापासनं डावीकडं घ्या रं बाळांनो."

पिंपळ तेव्हा उभा होता.

भाचा शेवटी विचारत विचारत घरी पोचला, घामाघूम. "मामा, ते झाड काढून टाका की नकाशातनं."

"बघू," म्हटलं. "वाट कुणी दाखवली?"

"कोपऱ्यावर एक आजोबा होते. आधी आमच्या घरचे कोण कोण, सगळं विचारलं."

"मग चहा पाजला का नाही त्यांनी?"