आमची वाटचाल : एकही चिप न पाडता

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, आमच्या शेडमध्ये नवीन ग्राहक आला, की टेबलावर ड्रॉइंग पसरून पहिला प्रश्न हाच विचारतो : "ताई, यात किती मटेरियल काढाल?" आम्ही काहीच काढत नाही. फिरत्या जॉबवर, म्हणजे ज्यावर काम करायचं त्या लोखंडी तुकड्यावर, कडक रोलर दाबून धरायचा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचा. ट्रेमध्ये तेल साचतं, चिप, म्हणजे धातूचा कीस, एकही पडत नाही. पण जॉब आत गेला तसा बाहेर येत नाही. पृष्ठभाग आरशासारखा होतो, वरचा थर कडक होतो, आणि वाकण्या-पिळण्याचे लाखो हेलकावे तो आधीपेक्षा कितीतरी जास्त काळ सोसतो.

नुसत्या फिनिशसाठी केलं तर याला बर्निशिंग म्हणतात. दाब वाढवून ताकदीसाठी केलं तर डीप रोलिंग. आज आमचं निम्म्याहून जास्त काम याचंच आहे. हे या घरात कुठून आलं, ते आधी सांगते.

आजोबा साताऱ्याकडून बडोद्याला आले ते कलाभवनात शिकायला. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांना हाताशी धरून ही शाळा काढली, आणि कारागिरांच्या मुलांच्या हातात ड्रॉइंगची पट्टी आली. शिकून आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागले. गायकवाडांची नॅरोगेज म्हणजे बडोदेकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. डभोईची लाइन १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा गाडी बैल ओढत होते! दांडिया बाजारातल्या घरात जेवताना आजोबा चाकांच्या आणि अ‍ॅक्सलच्या गोष्टी सांगायचे. अ‍ॅक्सलचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणारा भाग, टर्निंग करून, म्हणजे लेथवर कापून, झाला की त्यावर गुळगुळीत रोलर दाबून फिरवत. आजोबा त्याला "इस्त्री" म्हणत. इस्त्री न केलेला अ‍ॅक्सल शेडबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे त्यांनी बाबांना लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

त्या इस्त्रीमागचं कारण मला कॉलेजात कळलं. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि कितीतरी माणसं गेली. लोखंड चांगलं असताना, वजन झेपण्यासारखं असताना अ‍ॅक्सल तुटतो कसा? पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं अ‍ॅक्सलचे नमुने फिरवून दाखवून दिलं, की एका झटक्यात जेवढ्या भाराने लोखंड तुटेल, त्याच्या कितीतरी कमी भारानेही ते तुटतं. फक्त तो भार पुन्हा पुन्हा यायला हवा. यालाच फटीग म्हणतात. यात आधी बारीक भेग पडते, आणि ती बहुतेक वेळा पृष्ठभागावर सुरू होते, टूलच्या ओरखड्यापाशी किंवा जाडी बदलते त्या खांद्याच्या कोपऱ्यापाशी. १९२०-३०च्या दशकांत जर्मनीत ब्राउनश्वाइगला ओटो फ्योपल यांनी पृष्ठभाग रोलरने दाबून फटीगची ताकद वाढते यावर पुष्कळ काम केलं. वर्गात हे ऐकताना मला आजोबांची इस्त्री आठवली. ज्या इमारतीत मी ऐकत होते तीही कलाभवनाचीच. तेच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे.

बाबांनी रेल्वेत नोकरी केली नाही. दोन जुने लेथ घेऊन त्यांनी मकरपुऱ्यात भाड्याची शेड घेतली आणि हायड्रॉलिक सिलिंडरचे पिस्टन रॉड करायला लागले. काम भरपूर होतं, भाव कमी होता. रॉड टर्निंग करून ग्राइंडिंगला बाहेर पाठवायचा, मग हार्ड क्रोमला, म्हणजे क्रोमचा कडक थर चढवायला, मग परत आणायचा. टेम्पोचं भाडं आणि वाट बघण्यात आठवडा जायचा. ग्राइंडिंगऐवजी आपल्याच लेथवर इस्त्री करू, असं बाबांच्या मनात आलं आणि त्यांनी टूलपोस्टवर बसणारं एक रोलर टूल विकत घेतलं.

टर्निंग केलेला रॉड भिंगाखाली बघितला तर नांगरलेल्या रानासारखा दिसतो, उंचवटे आणि सऱ्या, एका लयीत. रोलर उंचवट्यांवर इतका दाब देतो की लोखंड जागच्या जागी वाहतं आणि सऱ्या भरतात. म्हणूनच व्यास थोडा कमी होतो. पन्नास मिलिमीटरच्या रॉडवर आम्ही साधारण दोन शतांश मिलिमीटर राखून ठेवतो. खरखरीतपणाचा आकडा, ज्याला आम्ही आरए म्हणतो, अडीच-तीन मायक्रॉनवरून ०.२ पर्यंत खाली येतो. पण टर्निंगच वेडंवाकडं असेल, रॉड लंबगोल असेल, तर रोलर ते सुधारत नाही. तो फक्त त्या वाकडेपणाला चकाकी देतो. ही गोष्ट ग्राहकाला पटवण्यात आमचा फार वेळ जातो.

चकाकीपेक्षा महत्त्वाची गोष्ट आतली आहे. दाबलेला वरचा थर आडवा पसरू बघतो, खालचं न दाबलेलं लोखंड त्याला पसरू देत नाही. त्या ओढाताणीत वरचा थर कायमचा चेपलेल्या अवस्थेत अडकून राहतो. भेग उघडायची तर आधी हा चेप सुटायला हवा. बाहेरच्या भाराची ताकद बहुतेक वेळा तेवढ्याला पुरत नाही, म्हणून भेग सहसा सुरू होत नाही, झाली तरी सहजी पुढे सरकत नाही. बर्निशिंगमध्ये हा थर मिलिमीटरच्या एखाद-दुसऱ्या दशांशाचा, डीप रोलिंगमध्ये एक मिलिमीटरच्या आसपासही जातो.

मी शिकून शेडमध्ये आले तेव्हा मला वाटायचं, दाब चांगला तर जास्त दाब आणखी चांगला. एका सिलिंडरवाल्याची १४० रॉडची ऑर्डर होती. मी दाब वाढवला आणि एकाऐवजी तीन फेऱ्या मारल्या. रॉड डोळ्यांचं पारणं फेडतील असे दिसत होते. क्रोम होऊन ते गेले आणि दीड महिन्यात त्यांच्यापैकी बावीस परत आले. क्रोमचे पापुद्रे सुटत होते, आणि पापुद्र्याच्या खालच्या बाजूला लोखंडाचा कागदासारखा थर चिकटलेला होता. क्रोम निघालं नव्हतं, मी चेपून चेपून ठिसूळ केलेलं लोखंडच सोलून निघालं होतं. वाकता येईल तेवढं लोखंड वाकतं, त्यापुढे ते सोलतं. बाबा एक शब्द बोलले नाहीत. आम्ही १४० च्या १४० रॉड स्वखर्चाने नव्याने करून दिले. त्या वर्षी घरात दिवाळीची खरेदी झाली नाही.

त्यानंतर शेडमध्ये रजिस्टर सुरू झालं. प्रत्येक लॉटचा कडकपणा आधी मोजायचा, कारण ईएन-८ या पोलादाचा बार एका लॉटमध्ये मऊ येतो, दुसऱ्यात टणक, आणि तोच दाब एकाला पुरत नाही तर दुसऱ्याला जास्त होतो. मग त्याच लॉटचा तुकडा कापून त्यावर दाब कमी-जास्त करून बघायचा, फिनिश कुठे सुधारायचा थांबतो ते शोधायचं आणि त्याच्या अलीकडेच थांबायचं. फेरी एकच. रोलरवर येणारं तेल गाळलेलं, कारण तेलात एक कण आला तर तो जॉबमध्ये दाबला जातो. ही वही आज सोळावी आहे, आणि तिच्याशिवाय मी कुठल्याही ग्राहकाला भाव सांगत नाही.

आमचे सर्वांत जुने ऑपरेटर काका पादरा गावाकडचे. सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते आवाजावरून दाब ओळखतात. रोलर बरोबर बसला की मशीनचा सूर खालचा आणि सलग असतो. जास्त झाला की त्यात बारीक करकर येते. मग ते जॉब थांबवून नख फिरवतात आणि म्हणतात, "बस, हवे वधारे नहीं." (बस, आता जास्त नको.) आता दाबाचं घड्याळ आणि सेन्सर आहे, तरी काकांनी मान हलवल्याशिवाय नवीन लॉट चालू होत नाही. त्यांचं "बस" आणि वहीतला आकडा आजवर क्वचितच वेगळे निघाले.

खरी ओळख मिळाली ती पंपाच्या शाफ्टमुळे. एका पंप कारखान्याचे शाफ्ट नेहमी एकाच जागी तुटत, जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो त्या खांद्यापाशी. त्यांनी ईएन-८ सोडून महागडं ईएन-२४ वापरलं, तरी तुटायचे थांबले नाहीत. एक तुटलेला शाफ्ट माझ्या टेबलावर आला. त्याच्या तोंडावर अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता आणि त्यावर ओहोटीने वाळूवर उमटाव्यात तशा बारीक वळ्या, सगळ्या एका बिंदूपासून सुरू झालेल्या. उरलेला भाग दाणेदार, खडबडीत, म्हणजे शेवटी एका झटक्यात गेलेला. वळ्यांच्या सुरुवातीच्या बिंदूवर भिंग धरलं तर तिथे टूलचा स्पष्ट ओरखडा होता. शाफ्ट महिनोन्महिने रोज थोडा थोडा तुटत होता आणि कोणाला दिसत नव्हता.

आम्ही दोन गोष्टी सुचवल्या : कोपऱ्याची त्रिज्या वाढवा, आणि त्या वळणावर लहान, तिरका बसवलेला रोलर फिरवून फिलेट रोलिंग करू द्या. मोटारीच्या क्रँकशाफ्टवर हेच केलं जातं, आणि क्रँकसाठी लागणाऱ्या गोलाकार ग्राफाइटच्या बिडाला त्याचा फार फायदा होतो. तेव्हापासून त्या जागी तुटलेला एकही शाफ्ट आमच्याकडे परत आलेला नाही. श्रेय त्रिज्येचं किती आणि रोलिंगचं किती, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही; दोन्ही एकाच वेळी केलं. त्या कारखान्यालाही मी हेच सांगितलं, आणि तरी त्यांनी पुढच्या तीन मॉडेलचे शाफ्ट आमच्याकडेच दिले.

काही कामं आम्ही घेत नाही. साधं करडं बीड रोलरखाली वाहत नाही, चुरा होतो. पातळ भिंतीची नळी दाबली की आत जाते. केस हार्डनिंग करून, म्हणजे वरचा थर कडक करून, साठ रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास गेलेल्या जॉबला आमचे रोलर पुरत नाहीत. त्यासाठी तेलाच्या दाबावर तरंगणाऱ्या सिरॅमिक गोळीचं टूल लागतं, ते सध्या आमच्याकडे नाही. स्प्रिंग आणि गिअरच्या दात्यांना शॉट पीनिंगच, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा, योग्य, कारण रोलर तिथे पोहोचत नाही. ज्या कामाचा उपयोग नाही त्याचे पैसे घेणं माझ्याच्याने होत नाही. अशा ग्राहकाला आम्ही पीनिंगवाल्याकडे पाठवतो, आणि तोही त्याचे शाफ्टवाले ग्राहक आमच्याकडे पाठवतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येक ग्राहकाला लेखी देते : आमच्यानंतर जॉब तापवायचा नाही आणि घासायचा नाही. हीट ट्रीटमेंट आधी, रोलिंग शेवटी. रोल केलेला जॉब पुन्हा भट्टीत गेला की चेप सुटतो. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकाने आमचे रोल केलेले शाफ्ट मापात बसवण्यासाठी ग्राइंडिंगला दिले आणि जो थर बसवायला आम्ही तीन दिवस घेतले, तोच दहा मिनिटांत दगडाखाली गेला. शाफ्ट चमकत होते, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. मला मात्र ते बघवलं नाही.

बाबा आता शेडमध्ये रोज येत नाहीत. शनिवारी येतात, सगळ्यांसाठी शेवउसळ घेऊन, आणि प्रत्येक मशीनपाशी थोडा वेळ उभे राहतात. गेल्या शनिवारी मी त्यांना नवीन काम दाखवलं. प्लॅस्टिक मोल्डिंग प्रेसचे टाय बार, म्हणजे प्रेस घट्ट धरून ठेवणारे जाड दांडे; त्यांना शंभर मिलिमीटरचा आटा (नटबोल्टसारखा पेच), आणि तो नेहमी आट्याच्या तळात तुटतो. बोल्टचा आटा हीट ट्रीटमेंटनंतर रोल केला तर तळ मजबूत होतो हे जुनं ज्ञान आहे, पण एवढा मोठा आटा आम्ही कधी केलेला नाही. इथे आटा लेथवर कापून नंतर फक्त तळात बारीक नाकाचा रोलर फिरवायचा आहे. पहिल्या दोन रोलरची नाकं तुटली. बाबांनी तुटलेला रोलर हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "कडक फार केलाय गं. दोन पॉइंट मऊ घे, नाकाची त्रिज्या थोडी वाढव."

तिसरा रोलर तसाच करायला टाकला आहे. मंगळवारी येतो. काकांनी त्या दिवशी सुट्टी घ्यायची नाही असं आधीच ठरवलं आहे.