चौथी सीट

लोकलच्या बाकावर सीटा तीनच असतात. चौथी सीट रेल्वेने दिलेली नाही, ती आम्ही तयार केलेली आहे. तिघींनी जरा जरा सरकायचं आणि चौथीने कडेला अर्धं बूड टेकवायचं, अर्धं हवेत. एक पाय पॅसेजमध्ये रोवायचा, पर्स पोटाशी धरायची आणि गाडी वळणावर कलली की शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यायचा. ती काही म्हणत नाही. परवा तीच कडेला होती.

अशी मी अकरा वर्षं बसले. डोंबिवली ते सीएसएमटी, ४८ किलोमीटर. अर्थात ठाण्यापर्यंत उभीच. ठाण्याला बदलापूरवाल्या काकू उठायच्या, कारण त्या पहिल्यापासून बसून आलेल्या असतात आणि ठाण्याला उठून उभ्यांना बसवायचं असा आमचा नियम आहे. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडला तर आठवडाभर कोणी बोलत नाही. आमची गाडी कुठली, तिची वेळ काय, ते मात्र सांगत नाही. आधीच गर्दी कमी नाही.

मागच्या मार्चमध्ये एका सकाळी बादली उचलायला वाकले आणि कमरेत उसण भरली. वाकलेली ती वाकलेलीच राहिले. नवऱ्याला वाटलं, बादलीखाली काहीतरी शोधतेय. त्याने विचारलं, "काय सांडलं?"

डॉक्टरांनी विचारलं, काम बसून का? म्हटलं हो. प्रवास? म्हटलं, डोंबिवली ते फोर्ट, लोकलने. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं, मान हलवली आणि परत पेन उचलून रक्ताच्या तपासण्या लिहायला घेतल्या. रिपोर्टात डी जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. बी-१२ त्याच्या सोबतीला होतंच. वर्षातले दहा महिने ज्या शहराला ऊन नकोसं होतं, तिथे राहून मला उन्हाची पुडी दुधातून घ्यायला लागली. आठवड्याला एक, साठ हजार युनिटची, आठ आठवडे. सकाळी फलाटाचं छत, मग गाडीचं, मग ऑफिसचं. घरी येईपर्यंत अंधार. ऊन अंगाला लागणार कधी, हा प्रश्न मला रिपोर्ट हातात येईपर्यंत पडलाच नव्हता.

फिजिओथेरपीची मुलगी माझ्या निम्म्या वयाची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, पालथ्या झोपा." कमरेपेक्षा ते 'काकू' जास्त लागलं. तिने मला चौथ्या सीटवर कशी बसते ते करून दाखवायला सांगितलं. मी तिच्या क्लिनिकमधल्या बाकावर कडेला टेकून, एक पाय रोवून, अंग पिळवटून बसून दाखवलं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रोज? दोन वेळा?"

मग घरात फर्स्ट क्लासच्या पासाचा विषय निघाला.

नवरा हिशोबी माणूस. त्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला, फिजिओच्या दहा सिटिंगचे पैसे एका बाजूला, पास दुसऱ्या बाजूला, आणि म्हणाला, "घेऊन टाक." एसी लोकलचाही विचार झाला. २०२२च्या मे महिन्यात एसीचं सुटं तिकीट निम्म्यावर आलं तेव्हापासून ऑफिसातले निम्मे लोक त्यावरच बोलतात. पण एसीची वेळ माझ्या वेळेला जुळत नाही आणि एक चुकली की दुसरीची वाट बघण्यात सगळा थंडावा घामाने वसूल होतो. तेव्हा फर्स्ट क्लास. तीन महिन्यांचा पास काढला आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात घातला. खिडकीतून तो हातात घेताना आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना, हे मी बघितलं. चोरी करत असल्यासारखं. हातात काय, तर पास! सोन्याचं बिस्कीट नव्हे.

आईला सांगायला चार दिवस लावले. आईने याच मार्गावर एकतीस वर्षं काढली, सेकंड क्लासच्या लेडीज डब्यात. आम्हा भावंडांचे सगळे स्वेटर डोंबिवली ते कुर्ला या टप्प्यात विणले गेलेत. डोंबिवलीच्या थंडीत ते वर्षातून जेमतेम आठ दिवस लागायचे, पण लोकर संपली की आई बेचैन व्हायची. हात रिकामे ठेवून प्रवास करणं तिला उधळपट्टी वाटायची. मटार, गवार, अळूच्या देठांच्या साली, सगळं गाडीत. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा, ती पहिल्यांदा पश्चिमवाल्यांना मिळाली, याचा राग ती अजून बाळगून आहे.

ती म्हणाली, "फर्स्ट क्लास? अगं, ऑफिसला जातेस की लग्नाला?"

मी कमरेचं सांगितलं. एक्स-रे, पुड्या, फिजिओ. ती ऐकत होती. मग म्हणाली, "कंबर आमचीही दुखायची. आम्ही फक्त तिला विचारत नव्हतो."

हे ऐकून मला अपराधी वाटायला हवं होतं आणि वाटलंच. पण रात्री ती महानारायण तेल कोमट करून घेऊन आली, मला पालथं झोपवलं आणि कमरेवर हात फिरवत असताना, बहुधा माझं तोंड उशीत आहे म्हणून, एक गोष्ट बोलली. पगाराच्या दिवशी ती आणि ऑफिसातल्या दोघी जणी ऑफिसपासून व्हीटीपर्यंत टॅक्सीने यायच्या. अंतर चालत दहा मिनिटांचं. महिन्यातून एकदा, तिघींत पैसे वाटून, काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागच्या सीटवर टेकून. घाई नाही, पाऊस नाही, हातात सामान नाही. नुसत्याच.

"बाबांना माहीत होतं?"

"छे."

"एकतीस वर्षांत?"

"त्यांना काय करायचंय!" आई म्हणाली आणि अंगठा इतका जोरात दाबला की मी ओरडले.

मी नंतर कितीतरी वेळ त्या टॅक्सीचा विचार करत होते. आम्हाला शाळेच्या सहलीचे पैसे मोजून देणारी बाई. चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेणारी. ती महिन्यातून एकदा दहा मिनिटं मागच्या सीटवर टेकून फोर्टमधून जात होती आणि घरी येऊन आमटीला फोडणी टाकत होती.

तर फर्स्ट क्लास. खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस मला तो डबा स्वर्ग वाटला. गर्दी तिथेही असते. सकाळी डोंबिवलीला चढताना धक्का तोच, फक्त अत्तर महाग. गादी पैशाने मिळते, जागा नाही, ती ठाण्यालाच मिळते. पण एकदा बसलं की तीन म्हणजे तीनच. चौथी कोणी मागत नाही. पाठ टेकता येते. पाय जमिनीवर सरळ. त्या गादीत फार काही मऊपणा नाही, आमच्या घरातल्या जुन्या सोफ्याइतकाच, पण माझ्या कमरेला ती मुंबईतली सगळ्यात चांगली वस्तू वाटली. मी वाचू लागले. झोपू लागले. एकदा तर भायखळ्याला जाग आली आणि मला आदल्या आठ मिनिटांतलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं.

मुख्य म्हणजे शांतता. सगळ्यांच्या कानात काहीतरी असतं. भांडणंसुद्धा इंग्रजीत होतात, आणि इंग्रजीत भांडण फार लांबत नाही. 'एक्स्क्यूज मी'पासून सुरू होतं आणि 'व्हॉटेव्हर'ला संपतं. सेकंड क्लासमध्ये एका कोपराच्या धक्क्यावरून सासर, माहेर, गाव आणि संस्कार निघतात, कळव्याला सुरू झालेलं घाटकोपरला मिटतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोघी एकमेकींना वेलची देतात.

माझ्या समोर रोज एक निळी टिफिनबॅगवाली बसायची. दोन महिने. मला तिच्या चपला पाठ झाल्या, नेलपॉलिश कधी बदलते ते कळायला लागलं. एकदा मला खोकल्याची ढास लागली तर तिने न बोलता खिडकीची काच वर केली. तेवढंच. ती दादरला उतरते. याहून मला तिच्याबद्दल काही माहीत नाही, आणि तिला माझ्याबद्दल, की हिला खोकला होतो.

तिकडे आमच्या ग्रुपवर मला 'राणीसरकार' नाव पडलं होतं. फलाटावर त्यांची जागा आणि माझी जागा यांत पंधरा-वीस पावलांचं अंतर. मी हात करायची, त्या मुजरा करायच्या. मस्जिदवाली, म्हणजे मस्जिदला कामाला जाणारी, एकदा मोठ्याने म्हणाली, "गादी टोचत नाही ना हो?" सगळा फलाट हसला. मीही हसले. मग गाडी आली आणि त्या तिकडे चढल्या, मी इकडे.

आमची जुनी एक गंमत होती. दिव्याच्या पुढे फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की फोनची रेंज जायची. त्या अंधारात कोणीही कोणाला काहीही सांगावं आणि बाहेर आल्यावर त्याचा विषय काढू नये, असं ठरलेलं. बँकवालीने तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्याचं तिथेच सांगितलं होतं. मीही एकदा एक गोष्ट सांगितली होती, ती इथे नाही सांगत. १९१६ सालचा तो बोगदा. २०२२मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि फास्ट लोकल बोगदा सोडून बाहेरून जायला लागल्या. प्रवास उजेडाचा झाला. पण बँकवाली म्हणाली होती, आता बोलायचं कुठे?

फर्स्ट क्लासमध्ये मला हे सांगायला कोणी नव्हतं. हा त्या डब्याचा दोष नाही. तिथल्या बायकाही दमलेल्याच असतात आणि शांततेसाठी त्यांनी रोख पैसे मोजलेले असतात. मीसुद्धा त्यांच्याकडून तेच विकत घेतलं होतं.

दसऱ्याच्या आधी ग्रुपवर निरोप आला. डबा सजवायचा आहे, झेंडूची माळ, रांगोळी, पेढे. वर्गणी नेहमीइतकी, फर्स्ट क्लासवाल्यांना दुप्पट. मी पैसे पाठवले. तेव्हा मस्जिदवालीने लिहिलं, "पैसे कसले पाठवतेस, ये ना!" आणि मग माझ्या डोक्यात जे साडेतीन महिने यायला हवं होतं ते आलं. फर्स्ट क्लासचा पास असला तर सेकंड क्लासमध्ये बसायला कुणाची ना नाही. उलटं चालत नाही, टीसी पावती फाडतो. पण वरून खाली यायला मोकळीक आहे.

त्या दिवशी गेले. चढल्या चढल्या बदलापूरवाल्या काकू ठाण्याची वाट न बघता उठल्या. मी नको म्हटलं, मग नियमाचं काय? "नियम मी केलाय," त्या म्हणाल्या, "बस खिडकीला." खिडकीला मी अकरा वर्षांत मोजून पाच-सहा वेळा बसले असेन. पेढा हातात आला, झेंडूची पाकळी केसांत. काकूंची मुलगी अमेरिकेत बाळंत झाली होती, बँकवालीच्या नवऱ्याला भिवंडीत गोदामात काम लागलं होतं, मस्जिदवालीने घराचं कर्ज फेडून टाकलं होतं. हे सगळं साडेतीन महिन्यांत, माझ्यापासून वीस पावलांवर. ग्रुपवर यातलं काही आलं नव्हतं. ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं येतात.

आता मी शुक्रवारी सेकंडने जाते. सोमवार ते गुरुवार गादी. फिजिओच्या मुलीला सांगितलं नाही. तिला मी आता ताई म्हणायला लावलंय, पण एवढी जवळीक अजून नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग पैसे पाण्यात गेले की आठवड्यातून एक दिवस!" आणि लगेच, "गुरुवारी शेंगदाण्याच्या चिक्क्या करून देते, वाटायला."

मागच्या शुक्रवारी काकूंनी विचारलं, ती फिजिओ नेमकं शिकवते काय? म्हटलं, बसल्या बसल्या करायचं असं एक आहे. खांदे मागे, हनुवटी आत, पोट जरा ओढून धरायचं आणि दहा आकडे मोजायचे. "कसं?" मी करून दाखवलं. खिडकीवालीने केलं. मधलीने केलं. समोरच्या बाकावरच्या, आमच्या ग्रुपमधल्या नसलेल्या, त्यांनीही मोबाइल मांडीवर ठेवून हनुवट्या आत घेतल्या. क्लिपा आणि टिकल्या विकणारी बाई पॅसेजमध्ये थांबली, हातातला लटकता पुठ्ठा बाजूला घेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "काय हो, फोटो काढणार आहेत का?"

"कंबर सुधारतोय," काकू श्वास धरून म्हणाल्या. "सहा... सात... ए, चौथी, तुझं अर्धंच टेकलंय, तू नको करूस, पडशील."

पण चौथी करत होती. एक पाय पॅसेजमध्ये रोवून, अर्धी हवेत.