करंट गेलो आसतलो

पेडण्यात आमच्या घरी माझी खोली कौलांखाली आहे. मे महिन्यात दुपारी आत ३३ अंश, वर घामाची चिकचिक. दशावतारी काल्यांची रात्ररात्रभराची चित्रीकरणं एडिट करून देणं हा माझा हंगामातला उद्योग. कॉम्प्युटरमध्ये रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर आहे. रेंडर लावलं, म्हणजे एडिट केलेल्याचा अंतिम व्हिडिओ बनवायला घेतला, की तो ९० अंशांवर जाऊन बसायचा. ९० ही त्याची मर्यादा, तिथे पोचला की स्वतःच वेग आवरतो. कूलरमधली धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, जेमतेम दोन अंश उतरले. शेवटी अंडरव्होल्टिंगला, म्हणजे चिपचं व्होल्टेज थोडं कापण्याला, हात घातला.

हिशेब साधा आहे. चिपचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग तोच ठेवून १.३० व्होल्टचे १.२० केले तर खर्च सुमारे १५ टक्के घटतो. कंपनी कच्च्यातली कच्ची चिपही चालावी म्हणून व्होल्टेज हात राखून ठरवते. आपली चिप बरी निघाली तर तेवढं आपल्याला काढून घेता येतं.

या प्रोसेसरसाठी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, कर्व्ह ऑप्टिमायझर असतो. चिपमधल्या प्रत्येक कोअरचं, म्हणजे स्वतंत्र गणनायंत्राचं, व्होल्टेज त्यातून पायरीपायरीने कापता येतं. उणे ३० पर्यंत जाता येतं आणि एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. आधी रॅमला जादा वेगाने पळवणारं एक्सएमपी बंद केलं, नाहीतर चूक रॅमची की प्रोसेसरची हे कळत नाही. एवढा शहाणपणा दाखवून पुढे मात्र अधाशासारखे आठही कोअरना थेट उणे ३० दिले.

प्रोसेसरचा वेग मोजून गुण देणारा सिनेबेंच लावला. तापमान ८८! गुण वाढले होते, उष्णता होती तिथेच. डोकं खाजवल्यावर उमगलं की वाचलेली वीज हा गडी वेग वाढवण्यात उडवत होता, कारण त्याला १४२ वॉटपर्यंत मोकळं रान होतं. मग पीपीटी, म्हणजे प्रोसेसरची वीजमर्यादा, १४२ वरून १०५ वॉटवर आणला. आता तापमान ७५ आणि गुण जवळजवळ मूळचेच. प्रोसेसरला राबवून चुका पकडणारा प्राइम९५ सगळ्या कोअरवर दोन तास चालवला, एकही चूक नाही. मी खूश.

त्याच रात्री जेवून वर आलो तर कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर. काम काहीच चालू नव्हतं. खालून बाबा म्हणाले, "करंट गेलो आसतलो." आमच्याकडे ते कारण कुठेही चालतं, म्हणून मीही मानलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेही डोक्यावर पंखा फिरत असताना.

विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला तर व्हीया-लॉगरची हार्डवेअरच्या चुकीची नोंद, क्रमांक १८, आणि त्यात चूक कुठे झाली ते सांगणारा एपीआयसी आयडी ४. प्रत्येक कोअर एकावेळी दोन कामं (थ्रेड) हाताळत असल्यामुळे या आकड्याला दोनाने भागायचं, म्हणजे दोषी कोअर २. मी त्याची पायरी उणे २० केली. तरी रीस्टार्ट, तरी तोच आयडी. दोन दिवस वाया गेल्यावर लक्षात आलं की बायोस शून्यापासून मोजतो आणि मी एकापासून. बदलत होतो कोअर १!

प्राइम९५ ने ही चूक का पकडली नाही? आठही कोअर राबतात तेव्हा वीजमर्यादेमुळे त्यांचा वेग खालीच राहतो. एकाच कोअरवर हलकं काम पडलं की तो सर्वांत वर उडी मारतो, आणि कापलेलं व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. त्यामुळे कॉम्प्युटर घाम गाळताना टिकतो आणि आळस देताना कोसळतो. त्यातून सगळ्यात वेगवान कोअरला कपात सहसा कमी सोसते. माझा कोअर २ तसलाच मानकरी निघाला.

मग कोअरसायकलर उतरवला. तो एकावेळी एकाच कोअरवर प्राइम९५ चालवतो. प्रत्येकाला एक तास, म्हणजे संध्याकाळी लावून झोपायचं आणि सकाळी चहाबरोबर निकाल वाचायचा. राउंडिंगची, म्हणजे गणिताची, चूक दिसली की त्या कोअरला तीन पायऱ्या परत द्यायच्या. कंटाळवाणं काम, सहा रात्री गेल्या. यूपीएस नसता तर पेडण्यात सहाच्या बारा झाल्या असत्या. शेवटी कोअर २ उणे ११ वर स्थिरावला, कोअर ५ उणे १८ वर, बाकीचे उणे २७ वर. सगळ्या आकड्यांचा फोनवर फोटो काढून ठेवला, कारण बायोस अपडेट केला की हे पुसलं जातं.

तेव्हापासून तीन आठवडे एकही रीस्टार्ट नाही. रेंडर ७६ च्या वर जात नाही आणि पंख्याची घरघर खालच्या खोलीत ऐकू येत नाही. परवा पहिल्याच पावसात खरोखरच वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला, तसे काळोखातून बाबा म्हणाले, "तुजो तो कोअर गेलो काय रे परत?"